ती व्यक्ती

तेवीस वर्षांचा असताना मी जोडीदार कसा हवा याची यादी केली होती. फोनमधल्या नोंदींत. नोंदीला नाव दिलं होतं ‘लायब्ररीची पुस्तकं’. माझा फोन चुकून कुणी उघडलाच, तर एवढं कंटाळवाणं नाव बघून पुढे सरकेल, अशी माझी अटकळ. गेल्या महिन्यात तो जुना फोन एका खोक्याच्या तळाशी सापडला. आधी चार्जर मिळेना, मिळाला तो बसेना. शेवटी फोन एकदाचा सुरू झाला, तर यादी जशीच्या तशी. अकरा कलमं.

उंच हवा, माझ्याहून निदान दोन बोटं. बायकी नको. वाचणारा. डिस्क्रीट, म्हणजे गुपचूप राहणारा. तिशीच्या आतला. सिगरेट ओढणारा नको. चारचौघांत कळू नये असा. आवाज जड. हसवणारा. कपडे साधे, भडक रंग नकोत. आणि अकरावं: ‘माझ्यासारखाच, पण जरा बरा.’

ज्याच्याबरोबर मी आता राहतो, त्यानं शेजारी बसून ही यादी मोठ्यानं वाचली आणि स्वतःला गुण दिले. अकरापैकी साडेतीन. वाचणारा, हसवणारा आणि अकरावं कलम (‘त्यातला “जरा” खोडायला हवा’), शिवाय सिगरेट सोडली म्हणून अर्धा. तो माझ्याहून बुटका आहे, बोलताना हात हवेत भिरभिरतात, आणि त्या क्षणी अंगात पोपटी शर्ट होता.

आम्ही पोट धरून हसलो. तो झोपल्यावर मी ती पुन्हा वाचली, तेव्हा मात्र हसू आलं नाही. अकरांतली पाच कलमं म्हणजे एकच कलम आहे. बायकी नको, डिस्क्रीट हवा, कळू नये असा, जड आवाजाचा, साध्या कपड्यांचा. पाचांचा अर्थ एवढाच की त्याच्याकडे बघून कुणाला माझा संशय येऊ नये. म्हणजे जवळजवळ निम्मी यादी त्याच्याविषयी नव्हतीच. ती बघणाऱ्यांविषयी होती.

माझ्या ओळखीत एक चोवीस वर्षांचा मुलगा आहे. मला दादा म्हणतो, आणि दर दोन महिन्यांनी त्याचं एक प्रेमप्रकरण आटोपतं. परवा त्यानं विचारलं, ‘दादा, पण बघायचं काय असतं नक्की?’ मी काहीतरी मोघम बोललो. स्वभाव बघ, घाई करू नकोस वगैरे. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की असली उत्तरं त्यानं आधीही पुष्कळ ऐकलीत. हा लेख त्या प्रश्नाचं जरा प्रामाणिक उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. जमेल असं नाही.

यादीतल्या अकरांपैकी नऊ कलमांत बसणारा एक जण मला खरोखर भेटला होता. चोविसाव्या वर्षी. आम्ही एका बागेतल्या बाकावर भेटलो. बसण्याआधी त्यानं दोनदा आजूबाजूला पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यानं आपली बॅग दोघांच्या मधे ठेवली आणि मी तिला टेकून माझी ठेवली. कुणी बघितलंच असतं, तर दोन अनोळखी माणसं बस चुकल्यामुळे एका बाकावर टेकलीत असंच वाटलं असतं. ते आम्हाला छान साधलं होतं. एकाच चौकीवर दोन पहारेकरी.

त्याच्या फोनमध्ये माझं नाव ‘प्रिंटर दुरुस्ती’ होतं. मी फोन केला आणि त्याच्या आसपास कुणी असलं, की तो म्हणायचा, ‘नाही नाही, आता चालू आहे प्रिंटर, लागलं तर सांगतो.’ सुरुवातीला मला याची गंमत वाटायची, थोडा थरारही वाटायचा. माझ्याकडे त्याचं नाव ‘लायब्ररी’ होतं, म्हणजे दोघेही सार्वजनिक सेवेत. चार महिने आम्ही भेटत होतो आणि एकदाही पकडले गेलो नाही. मग एक दिवस लक्षात आलं की पकडण्यासारखं काही घडतच नव्हतं. दोघांचा एकही फोटो नव्हता. त्याला झोप कशी लागते, राग कसा येतो, यातलं मला काही माहीत नव्हतं. पहाऱ्यावर असलेल्या माणसाला दुसऱ्याकडे नीट बघता येत नाही, त्याची नजर कायम दाराकडे असते. आम्ही भांडलोही नाही. एका आठवड्यात प्रिंटर बिघडला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही, आणि संपलं.

हे माझं एकट्याचं खूळ असतं तर लिहिलं नसतं. ‘मॅस्क्युलिन हवा’, ‘स्ट्रेट अॅक्टिंग’ (भिन्नलिंगी पुरुषासारखा वावरणारा), ‘नो फेम’ (बायकी नको) ही आमच्या जगातली फार जुनी नाणी आहेत. १९९७ साली मायकेल बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर समलिंगी स्त्री-पुरुषांच्या आवडीनिवडींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्तमानपत्रांतल्या ‘जोडीदार हवा’ छापाच्या जाहिरातीही तपासल्या होत्या. निष्कर्ष कुणालाही धक्का देणारा नव्हता: गे पुरुषांचा सरासरी कल ‘पुरुषी’ जोडीदाराकडे. म्हणजे ॲप येण्याच्या कितीतरी आधी, शब्दामागे पैसे मोजावे लागायचे त्या काळातही, ही अट लोक खर्च करून छापत होते.

आवड ही आवड असते, तिच्यावर खटला भरता येत नाही, हे मला मान्य आहे. रुंद खांदे आणि जड आवाज आवडणं यात गुन्हा नाही. मलाही आवडतात. पण आवड आणि भीती एकाच कपाटात ठेवली की काही वर्षांनी कोणता कपडा कशाचा हे ओळखू येत नाही. शाळेत माझ्या चालण्याची नक्कल करणारी दोन मुलं होती. ती पुढे चालायची, वर्ग हसायचा. मी नववीच्या सुट्टीत आरशासमोर चालायचा सराव केला. हात किती हलवायचे, कंबर कुठे धरायची. ती चाल अजून माझ्या अंगात आहे, आता काढायची म्हटली तरी निघत नाही. तर ज्या मुलानं एवढ्या कष्टानं स्वतःच्या अंगातलं काहीतरी मारलं, त्याला तेच दुसऱ्याच्या अंगात मोकळं हिंडताना कसं सोसेल? ‘बायकी नको’ हे कलम मी लिहिलं खरं, पण सांगणारी ती दोन मुलं होती.

चोवीस वर्षांच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘पण मला खरंच तसे मुलगे आवडत नाहीत.’ असेलही. मी वाद घातला नाही. फक्त एवढंच विचारलं, की समजा एखादं बेट आहे, तिथं तुम्हाला दोघांना बघणारं तिसरं कुणी नाही, तिथंही आवडणार नाहीत? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बेटावर रेंज असेल का?’

रेंजवरून आठवलं. ग्राइंडर हे गे पुरुषांना एकमेकांना शोधून देणारं ॲप २००९ साली आलं, आणि आमच्या पिढीचं भेटणं कायमचं बदललं. त्याआधी चॅटरूम होत्या, जाहिराती होत्या, ठरावीक जागा होत्या. पण ग्राइंडरनं केलं ते वेगळंच. फोटोंचे चौकोन, आणि ते लावलेले अंतरानुसार. सर्वात जवळचा सर्वात वर. प्रेमाचे नाना निकष माणसानं शोधलेत, पण मीटर आणि किलोमीटर हा निकष आमच्याच वाट्याला पहिल्यांदा आला. मायकेल रोझेनफेल्ड हे स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ अमेरिकेतली जोडपी कशी भेटली याची माहिती वर्षानुवर्षं गोळा करतात. त्यांच्या २०१९ च्या निबंधानुसार २०१७ मध्ये जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती, तर समलिंगी जोडप्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं. कारण उघड आहे. वर्गात, कचेरीत, नातेवाइकांत आपल्यासारखा कोण हे कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि विचारायची सोय नसते. चुकीच्या माणसाला विचारलं तर काय होईल, या हिशेबातच उमेदीची वर्षं जातात. ॲपवर निदान तो एक प्रश्न सुटलेला असतो.

पण त्या बदल्यात यादीला दात आले. माझ्या वेळी यादी ही नोंदींत लपवलेली गोष्ट होती, आता ती फिल्टर झाली. वय इतकं ते इतकं, उंची, वजन, ‘बॉडी टाइप’. वंश निवडण्याचीही सोय होती. ती ग्राइंडरनं २०२० मध्ये काढून टाकायचं जाहीर केलं, तोवर वर्षानुवर्षं माणसं एका बोटानं अख्खे समाज बाजूला सारत होती आणि त्याला ‘माझा टाइप नाही’ म्हणत होती. टाइप हा शब्द ऐकला की मला अजूनही टंकलेखन आठवतं. साचा एकदा ओतला की तेच अक्षर उमटत राहतं.

पहिला प्रश्न काय असतो, हे या जगाबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. नावाच्याही आधी विचारतात, टॉप की बॉटम, म्हणजे संभोगात करणारा की करून घेणारा. लोक याची टर उडवतात, मला ती उडवावीशी वाटत नाही. अंथरुणात कुणाला काय आवडतं हे आधी कळलं तर पुढचा घोळ टळतो, त्यात लाजण्यासारखं काय? चिडचिड होते ती वेगळ्या गोष्टीची. त्या एका शब्दावरून पुढचा अख्खा माणूस ठरवला जातो. कोण रडणार, कोण गाडी चालवणार, कोण आधी फोन करणार. ज्या विभागणीला कंटाळून आपण बाहेर पडलो, तीच पुन्हा मांडून बसायची. आमच्या घरी गाडी दोघांनाही येत नाही.

आता यादी आणि आकर्षण यांचा एकमेकांशी संबंध किती, हा एक वेगळाच मजेशीर विषय आहे. २००८ साली पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या ‘स्पीड डेटिंग’चा प्रयोग केला होता. आधी प्रत्येकाकडून लिहून घेतलं की तुला जोडीदारात काय महत्त्वाचं वाटतं. मग चार-चार मिनिटांच्या भेटी. कुणी लिहिलं रूप, कुणी लिहिलं कमाईची शक्यता. प्रत्यक्षात कोण आवडलं हे पाहिलं, तर आधी लिहिलेल्याचा त्याच्याशी फारसा मेळ बसेना. ते सगळे स्त्री-पुरुष होते, त्यामुळे प्रयोग जसाच्या तसा आम्हाला लावता येणार नाही. पण साडेतीन गुणवाला माणूस शेजारच्या खोलीत घोरत असताना मी त्या निष्कर्षाशी भांडू कसा?

अकराव्या कलमाविषयी मात्र मला थांबून बोलायचंय. ‘माझ्यासारखाच, पण जरा बरा.’

ही गोष्ट आमच्या भिन्नलिंगी मित्रांना समजावून सांगताना माझी दमछाक होते. बाईवर प्रेम करणारा पुरुष तिच्या खांद्यांकडे बघून सहसा स्वतःचे खांदे चाचपत नाही. आमच्यात ते होतं. समोरून देखणा मुलगा येतो, पोटात काहीतरी हलतं, आणि पुढच्याच क्षणी दुकानाच्या काचेत आपलं पोट दिसतं. ‘हा मला हवाय’ आणि ‘मला हा व्हायचंय’ या दोन वाक्यांत फक्त एका क्रियापदाचा फरक आहे, पण विशीत तो फरक कळायला फार वेळ लागतो. मी एका पोहणाऱ्या मुलाच्या प्रेमात दीड वर्ष होतो असं समजत होतो. तो तलावाच्या कडेला उभा राहायचा तो सगळं जग आपलंच असल्यासारखा. त्याच्याशी बोलावं असं मला कधीच वाटलं नाही. त्याच्यासारखं उभं राहता यावं, एवढंच वाटायचं. दीड वर्षानंतर मी पोहायला शिकलो आणि प्रेम उतरलं. आजही मी त्याचा ऋणी आहे, त्याला पत्ताही नसेल.

तरुण मुलांच्या प्रोफाइलवर धडांचे फोटो बघतो, मान कापलेले, पोटावरच्या वड्या मोजता येतील असे, तेव्हा मला ते पोहणं आठवतं. चेहरा नसतो कारण ओळख लपवायची असते, आणि शरीर असतं कारण तेवढंच दाखवायची परवानगी त्यांनी स्वतःला दिलेली असते. मग समोरचाही तसंच धड पाठवतो. दोन धडं बोलतात. त्यातल्या कुणाला ‘पण तू माणूस कसा आहेस’ विचारायची चोरी, कारण विचारायला तोंड लागतं. (वाक्य लिहून झाल्यावर जरा चढं वाटलं. पण राहू दे.)

वयाविषयी फार लिहीत नाही. विशीतली बरीच मुलं मोठ्या माणसाकडे ओढली जातात, आणि त्याला लगेच पैशाचं किंवा बापाच्या उणिवेचं लेबल लावायची घाई होते. कधी तसं असतंही, आणि मोठ्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असल्या तर धाकट्यानं सावध राहायलाच हवं. पण पुष्कळदा कारण साधं असतं. आपण असं म्हातारं होऊ शकतो, हे त्या मुलानं कधी पाहिलेलंच नसतं. त्याला जोडीदाराइतकाच पुरावा हवा असतो. एडवर्ड कार्पेंटर हे इंग्रज लेखक केंब्रिजला शिकलेले, एकेकाळी पाद्री. १८९१ मध्ये आगगाडीच्या प्रवासात त्यांना जॉर्ज मेरिल भेटला. वयानं वीसेक वर्षांनी लहान, शेफील्डच्या गरीब वस्तीत वाढलेला, शिक्षण नावापुरतं. १८९८ पासून दोघे डर्बीशरमधल्या मिलथॉर्प गावी एकत्र राहिले, समलिंगी संबंधांबद्दल लेखक ऑस्कर वाइल्डला शिक्षा होऊन तीनच वर्षं झाली होती तेव्हा. मेरिल १९२८ मध्ये गेला, कार्पेंटर १९२९ मध्ये. कुठल्याही फिल्टरमधून ही जोडी निसटलीच असती. वय जुळत नाही, शिक्षण जुळत नाही, वर्ग जुळत नाही.

एक अट मात्र अलीकडे खरोखर सैल झालीय, आणि तिचं श्रेय विज्ञानाला आहे. पूर्वी ‘क्लीन’ हा शब्द प्रोफाइलवर सर्रास दिसायचा, म्हणजे एचआयव्ही नसलेला. जणू दुसरा मळका. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘पार्टनर-टू’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी ७८२ पुरुष जोडपी, कंडोमशिवाय आलेले सुमारे ७६ हजार संबंध, आणि ज्याच्या रक्तातला विषाणू औषधांनी दबलेला होता त्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. माझ्या एका मित्रानं त्या वर्षानंतर पहिल्यांदा एका मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं, मी रोज गोळी घेतो, विषाणू चाचणीत सापडत नाही. मुलगा म्हणाला, ‘बरं. किती वाजता घेतोस? मला आठवण करून द्यायला आवडतं, आईच्या बीपीच्या गोळीची मीच करून देतो.’ मित्र सांगतो, मी आयुष्यभर न दचकणारा माणूस शोधत होतो. हा तर गजर लावायला निघाला.

न दचकणारा. हा शब्द त्या मित्राकडून मी उसना घेतलाय, कारण माझ्या अकरा कलमांत तो नव्हता आणि असायला हवा होता.

इलान मायर या संशोधकानं २००३ मध्ये अल्पसंख्याकांच्या ताणाविषयी जी मांडणी केली, तिच्यात लोकांकडून प्रत्यक्ष होणाऱ्या त्रासाबरोबरच आणखी काही गोष्टी येतात: नाकारलं जाण्याची सतत वाट पाहणं, लपवणं, आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच आत मुरणं. हे तीनही पाहुणे प्रेमात पडताना आपल्याबरोबर येतात. म्हणजे पहिल्या भेटीला टेबलाशी दोन खुर्च्या आणि आठ जण. त्याचे तीन, माझे तीन, आणि कोपऱ्यात चेंगरलेले आम्ही दोघं.

त्यातला लपवण्याचा भाग सर्वात जास्त नाती मोडतो, असं माझं निरीक्षण आहे. रूप, वय, पगार यांतल्या फरकाशी माणसं जुळवून घेतात. पण एक जण घरात सांगून मोकळा आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये तो ‘प्रिंटर दुरुस्ती’, हा फरक रोज टोचतो. यात लपवणारा वाईट असतो असं नाही. कुणाचं घर कसं, कुणाच्या डोक्यावर छप्पर कुणाच्या मर्जीनं, हे त्यालाच ठाऊक. बाहेरून ‘सांगून टाक’ म्हणणं सोपं असतं. पण उघड जगणाऱ्याला पुन्हा अंधारात उभं राहायला लावलं की तो आतून आक्रसतो, आणि लपणाऱ्याला त्याचा मोकळेपणा उजेडासारखा डोळ्यांत जातो.

इथं मराठीची एक खोडी सांगतो. मराठीत प्रेयसी-प्रियकराचं लिंग झाकून बोलणं महाकठीण. ‘आला’, ‘आली’, ‘म्हणाला’, ‘रुसली’, क्रियापद चुगली करतं. पण एक शब्द आपल्या मदतीला येतो, तो म्हणजे ‘व्यक्ती’. व्यक्ती स्त्रीलिंगी. ‘माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे. ती फार समजूतदार आहे. ती काल आली होती.’ एकही शब्द खोटा नाही, व्याकरण शंभर टक्के शुद्ध, आणि ऐकणारा खुशाल सून आणायची स्वप्नं बघतो. ही युक्ती मी विशीत इतकी वापरली की एकदा खुद्द त्या व्यक्तीसमोरच मी तिला ‘ती’ म्हणालो. त्यानं वळून मागे पाहिलं, कोण आलं म्हणून.

यादीतलं ‘हसवणारा’ हे कलम त्या वयातही बरोबर होतं, एवढं श्रेय मी तेवीस वर्षांच्या स्वतःला देतो. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी बारा वर्षं समलिंगी जोडप्यांचा मागोवा घेतला आणि निष्कर्ष २००३ मध्ये छापले. जोडपी मोजकीच होती, पण त्यांची भांडणं चित्रित करून बारकाईनं तपासली होती. भिन्नलिंगी जोडप्यांच्या तुलनेत ही माणसं मतभेदाचा विषय काढताना जास्त विनोद करत, जास्त मायेनं काढत, आणि टोचलेलं मनाला कमी लावून घेत. पण पुरुष जोडप्यांबाबत त्यातच एक कडू निरीक्षणही आहे: बोलणं एकदा फार कडवट झालं, की त्यांना ते सावरणं जास्त जड जातं. हे वाचल्यावर मी बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो होतो. सावरायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मुलगा म्हणून वाढताना माघार म्हणजे हार, आणि एका घरात असे दोघे.

तेव्हा आता त्या चोवीस वर्षांच्या मुलाला मी काय सांगू? त्यालाच विचारलं, तुझी यादी सांग. म्हणाला, लिहिलेली नाही, पण एक गोष्ट पक्की आहे. ‘त्याच्या फोनमध्ये माझं नाव माझंच असलं पाहिजे.’ मी त्याला प्रिंटरची गोष्ट कधीच सांगितलेली नव्हती. उंची? ‘चालेल कशीही.’ बायकी? जरा थांबून, ‘बघू.’

त्या बघूवर मी खूश आहे.

आता माझ्या साडेतीन गुणवाल्याची एक गोष्ट राहिली. सुरुवातीला मी त्याचं नाव फोनमध्ये ‘ड्रायक्लीनर’ म्हणून ठेवलं होतं. प्रिंटर झालेल्या माणसानं दुसऱ्याला ड्रायक्लीनर करावं, हे त्या वेळी मला अजिबात विचित्र वाटलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याला ते दिसलं. मला वाटलं, आता उठून जाईल. त्यानं शांतपणे विचारलं, ‘इस्त्री पण करतो का मी?’ त्यानंतर मी केव्हाही फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं: ‘कपडे तयार नाहीत अजून.’ मी एकटा असो, घरात असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत. चिडून नाही, टोमणा मारायलाही नाही. दुकान उघडं आहे, सावकाश या, अशा सुरात. सात महिने तो हे म्हणत राहिला.

एका रात्री मी नाव बदललं. त्याला सांगितलं नाही. दोन दिवसांनी आत्या आली होती. मी आतल्या खोलीत कपाट आवरत होतो, फोन बाहेर टेबलावर. वाजला. आत्यानं चष्मा लावला आणि पडद्यावरचं नाव, आडनावासकट, अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. ‘अरे, कोण हा?’

‘ती एक व्यक्ती’ हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते. सवय. मी दारात येऊन म्हणालो, ‘तो माझा...’ आणि पुढचा शब्द शोधत उभा राहिलो. आत्याला वाट बघायची सवय नाही, तिनं तोवर फोन उचलला होता. त्याला विचारलंही, ‘तूच ना रे हा?’ आणि त्याचं पूर्ण नाव पुन्हा एकदा त्यालाच वाचून दाखवलं. ‘हो, आहे ना तो, इथेच आहे. देते हं.’

मी फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ काहीच नाही, मागून एक हॉर्न तेवढा ऐकू आला. मग त्यानं घसा साफ केला.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘कपडे तयार आहेत.’